अद्भुतकथांचा वानवळा

वाङ्मयाचा पसारा वाढू लागला म्हणजे वाचकापुढे आवडीनिवडीच्याही आधी ओळखीचा प्रश्न उभा राहतो. ज्याचे नाव पूर्वी कधी कानावर आले नाही अशा ग्रंथकाराला घरात प्रवेश द्यावा की न द्यावा? चरित्र, इतिहास किंवा सामाजिक कादंबरी यांच्या बाबतीत हा निर्णय फारसा अवघड नाही. मधले कोणतेही पान उघडून चार परिच्छेद वाचले की लेखकाची भाषा, त्याची दृष्टी आणि त्याचा वकूब यांचा अदमास येतो; कारण त्याने वर्णिलेले जग बव्हंशी आपल्याच जगासारखे असते. अद्भुतकथेची गोष्ट निराळी. तेथे लेखकाला आधी एक स्वतंत्र सृष्टी उभारावी लागते. तिच्यातील राजवंश, नद्या, डोंगर, मंत्रतंत्रांचे नियम, देवदैत्यांची वैरे, ही सर्व वाचकाच्या अंगवळणी पडेपर्यंत शंभर-दीडशे पाने खर्ची पडतात, आणि मग कोठे कथेत गोडी वाटू लागते. त्यातून आधुनिक काळातील असे ग्रंथ तीन-तीन, पाच-पाच भागांचे असावयाचे. मध्यम स्थितीतील कुटुंबाने एवढा वेळ आणि एवढा पैसा निव्वळ एका अनोळखी नावावर विसंबून खर्चावा, असे कोण म्हणेल?

आपल्या खेड्यापाड्यांतून यावर एक जुना तोडगा रूढ आहे. नव्या हंगामाचे धान्य घरात आले, परसातल्या झाडाला पहिली फळे धरली, म्हणजे त्यातील थोडी शेजारीपाजारी वानवळा म्हणून धाडावयाची. वानवळ्याने कोणाचे पोट भरत नाही, आणि तो त्यासाठी नसतोही. यंदाचे पीक कसे उतरले आहे हे चार घरांस कळावे, एवढाच त्याचा हेतू. निरनिराळ्या ग्रंथकारांच्या निवडक गोष्टी एखाद्या जाणत्या संपादकाने एकत्र करून छापल्या म्हणजे होणारा संग्रह हा असाच वानवळा होय. काव्याच्या क्षेत्रात ही सोय महाराष्ट्राला फार पूर्वीच लाभली. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ काढले, आणि पुढे कित्येक पिढ्यांतील सुशिक्षितांची वामनपंडित व मोरोपंत यांच्याशी पहिली भेट त्या वेच्यांतूनच झाली. अद्भुतकथेच्या बाबतीत पाश्चात्त्य देशांत गेली दोनशे वर्षे हे काम कथासंग्रहांनी केले आहे. ते त्यांनी कसे केले, त्यांच्यामुळे कोणाची नावे तरली, आणि अशा वानवळ्यावरून सगळ्या पिकाची पारख कितपत करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

परंतु पाश्चात्त्यांकडे वळण्यापूर्वी आपल्याच घरातील एक फार जुने उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे अवश्य आहे. कारण पुढे जे जे घडले त्याचे बीज त्यात सापडते. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. हा गुणाढ्य सातवाहन राजाचा अमात्य. म्हणजे परंपरेने तो आपल्या पैठणचा. राजाला संस्कृत किती वर्षांत शिकविता येईल या पैजेत तो हरला, संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा त्याने सोडल्या, आणि विंध्याटवीत जाऊन पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने तिचा अव्हेर केला तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा पश्चात्ताप पावून धावत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले होते. ही आख्यायिका आपणांस सांगतो कोण? तर काश्मीरचा सोमदेव. त्याने अकराव्या शतकात अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला, आणि मूळ जसे आहे तसेच आपण संक्षेपाने दिले आहे, अशी ग्वाही त्याने आरंभीच दिली आहे.

या ग्वाहीवर आपण निर्धास्त राहिलो असतो. परंतु नेपाळात बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’ची हस्तलिखिते मिळाली, आणि फ्रेंच पंडित लाकोत याने १९०८ पासून तो ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. दोन्ही ताडून पाहता असे दिसले की, नरवाहनदत्ताची मुख्य कथा बुधस्वामीकडे सरळ ओघाने वाहते. सोमदेवाकडे मात्र वेताळाच्या पंचवीस गोष्टी, पंचतंत्रातील गोष्टी आणि अशाच शेकडो उपकथांच्या गर्दीत ती हरवते. ही भर सोमदेवाने घातली की काश्मिरात पोचलेल्या पाठातच ती आधी पडलेली होती, हा वाद पंडितांचा आहे. लाकोत याचा कल दुसऱ्या मताकडे होता. आपल्याला त्यातून घ्यावयाचे ते दोन धडे. पहिला हा की, संग्राहक नसता तर गुणाढ्याचे नाव एका दंतकथेपलीकडे उरले नसते. दुसरा हा की, संग्राहकाने जे दिले त्यावरून मूळ ग्रंथाचा घाट कसा होता हे ठरवू गेल्यास आपण फसतो. तारणे आणि रूप पालटणे ही दोन्ही कामे एकाच हाताने होतात. आता हेच दोन धडे युरोप-अमेरिकेच्या इतिहासात पुनःपुन्हा कसे गिरविले गेले ते पाहू.

१८१२ साली पॅरिस येथे ‘फान्तास्मागोरियाना’ नावाचा दोन भागांचा एक भूतकथासंग्रह निघाला. गोष्टी मूळच्या जर्मन; त्यातील बहुतेक आपेल व लाउन या दोघांच्या ‘भुतांचे पुस्तक’ नामक ग्रंथमालेतून घेतलेल्या. त्यांचे फ्रेंच भाषांतर करणाऱ्या एरिएस याने मुखपृष्ठावर स्वतःचे नाव न घालता ‘एक हौशी’ एवढेच म्हटले होते. चार वर्षांनी, १८१६ च्या उन्हाळ्यात, हा संग्रह जिनिव्हाच्या सरोवराकाठी लॉर्ड बायरन याच्या डिओडाटी नामक बंगल्यात येऊन पडला. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाल्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा पडलाच नव्हता, सारखा पाऊस. घरात कोंडलेली मंडळी म्हणजे बायरन, शेली, अठरा वर्षांची मेरी आणि वैद्य पोलिडोरी. ही मंडळी या गोष्टी वाचीत बसली, आणि प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी अशी सूचना बायरनने केली. त्या सूचनेतून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ त आणि पोलिडोरीची ‘व्हॅम्पायर’ १८१९ त बाहेर पडली. एका मध्यम प्रतीच्या, भाषांतरित संग्रहाने दोन अमर भये जगाला दिली! आणि ज्या आपेलच्या गोष्टींनी ही ठिणगी पडली त्याचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? त्याच ‘भुतांच्या पुस्तका’तील त्याच्या एका कथेवर वेबरने १८२१ साली आपले ‘फ्रायशुट्स’ हे प्रख्यात संगीतनाटक रचले. तरीही श्रोत्यांच्या लक्षात राहिला तो वेबर.

भाषांतरकाराने ग्रंथकारांची ओळख करून देण्याचे काम जाणूनबुजून अंगावर घेतले, याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे टॉमस कार्लाइल. आपल्याकडील जुन्या पिढीने ज्याचे विभूतिपूजेवरील ग्रंथ पाठ केले तो कार्लाइल नावारूपास येण्यापूर्वी, १८२७ साली, ‘जर्मन रोमान्स’ हा चार भागांचा संग्रह घेऊन लोकांपुढे आला. उपशीर्षकात त्याने स्पष्टच सांगितले होते की, हे प्रमुख ग्रंथकारांचे नमुने असून सोबत प्रत्येकाचे चरित्र व गुणदोषविवेचन दिले आहे. मुसेउस, फूके, टीक, हॉफमान, रिख्टर आणि गटे, असे सहा ग्रंथकार त्याने निवडले. हॉफमानची ‘सुवर्णपात्र’ ही अद्भुतकथा, जिच्यात ड्रेस्डेन शहरातील एका धांदरट विद्यार्थ्याला झाडावर हिरव्या-सोनेरी नागकन्या दिसतात, ती इंग्रज वाचकांच्या हाती या संग्रहातून आली. ग्रंथ खपला नाही. पण त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेच्याआधी कार्लाइल लेखकाला वाचकासमोर उभा करतो. त्याचा जन्म, त्याचे शिक्षण, त्याचा स्वभाव सांगतो. आणि आपल्याला जे पटले नाही तेही लपवीत नाही. हॉफमानच्या कल्पकतेची तारीफ करताना त्याच्या बेशिस्त आयुष्याबद्दल व वाया गेलेल्या शक्तीबद्दल तो चार कठोर शब्दही ऐकवतो. वानवळा देणाऱ्या शेजाऱ्याने फळ कोणत्या झाडाचे, यंदा पाऊस कसा झाला, कीड कोठे लागली, हेही सांगावे, तशातला हा प्रकार. संपादकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी आम्ही येथूनच घेतो.

याच्या उलट वाटेने गेला तो अँड्र्यू लँग. १८८९ साली त्याने ‘निळे परीकथापुस्तक’ काढले, आणि मग तांबडे, हिरवे, पिवळे असे करीत १९१० पर्यंत बारा रंगांची बारा पुस्तके झाली. भाषांतराचा व शब्दांकनाचा मोठा भार त्याच्या पत्नीने वाहिला. या पुस्तकांनी इंग्लंडातील मुलांच्या दोन-तीन पिढ्या वाढविल्या यात संशय नाही. परंतु त्यात फ्रान्सच्या मादाम दोनुआसारख्या दरबारी लेखिकेची सजवलेली गोष्ट आणि कोणा खेडुताच्या तोंडून उतरून घेतलेली लोककथा शेजारी शेजारी बसल्या, आणि दोन्हींचा आवाज एकच झाला. ग्रंथकार मागे सरला. उरली ती नुसती ‘परीकथा’. लहानपणी याच पुस्तकांतून सिगुर्डची व अजगराची गोष्ट वाचलेला टोल्किन पुढे १९३९ साली, स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे, लँगच्याच नावे चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याने या निवडीवर नेमके बोट ठेवले. स्विफ्टच्या गलिव्हरची लिलिपुटची सफर निळ्या पुस्तकात घालण्याचे कारण काय? तीत माणसे वीतभर उंचीची आहेत, एवढ्यानेच ती परीकथा होते काय? ज्या संग्रहाने आपल्याला वाङ्मयाची गोडी लावली त्याचीही चिकित्सा करणे हे कृतघ्नपणाचे लक्षण नसून वाचक प्रौढ झाल्याचे लक्षण आहे.

विसाव्या शतकात अद्भुतकथेचे मुख्य पीठ अमेरिकेतील स्वस्त मासिके हे झाले. १९२३ च्या मार्चमध्ये ‘विअर्ड टेल्स’ निघाले. त्याचा कागद हलका, मुखपृष्ठे भडक. सुशिक्षित घरांत ते उघडपणे टेबलावर ठेवण्याजोगे मानले जात नसे. महिना उलटला की अंक रद्दीत जाई, आणि त्याबरोबर त्यातील कथाही. या नश्वर कागदातून काही कथा प्रथम पुस्तकांच्या बांधणीत आल्या त्या लंडनमध्ये. क्रिस्टीन कॅम्पबेल टॉमसन या संपादिकेने १९२५ पासून ‘रात्री वाचू नका’ अशा अर्थाच्या नावाची संग्रहमाला सुरू केली आणि तिच्यासाठी या मासिकातून मुक्तहस्ताने वेचे घेतले. एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या काही कथा कापडी बांधणीच्या पुस्तकात प्रथम छापल्या गेल्या त्या या मालेत. १९३१ साली डॅशिएल हॅमेट या गुप्तहेरकथाकाराने काढलेल्या संग्रहातही त्याची एरिख त्सान नावाच्या वादकाची कथा आली. त्याच्या हयातीत त्याचे स्वतःचे म्हणून जे एक पुस्तक निघाले, ‘इन्समाउथवरील छाया’, त्याच्या दोनेकशे प्रतीच काय त्या बांधल्या गेल्या, वर्ष १९३६. पुढच्याच वर्षी तो वारला. ज्याचे नाव आज भयाद्भुत वाङ्मयात पो याच्या शेजारी घेतले जाते, त्याला जिवंतपणी पुस्तकात गाठण्याची वाट बहुतेक वाचकांना अशा मिश्र संग्रहांचीच होती.

त्याच मासिकातील दुसरा लेखक रॉबर्ट हॉवर्ड. कोनन नामक रानटी वीराच्या कथा त्याने १९३२ पासून लिहिल्या आणि १९३६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, आत्महत्या केली. तिसरी सी. एल. मूर, नुसती आद्याक्षरे वाचून अनेक वाचकांनी तिला पुरुष समजले. या मंडळींना उशिरा का होईना, न्याय मिळाला तो पुन्हा संग्राहकांकडून. लव्हक्राफ्टचे स्नेही डर्लेथ व वँड्रेई यांनी कोणी प्रकाशक मिळेना म्हणून १९३९ साली स्वतःचीच ‘आर्कम हाऊस’ ही संस्था काढून त्याच्या कथांचा जाडजूड ग्रंथ छापला. १९४४ साली वाइज व फ्रेझर यांनी न्यूयॉर्कला काढलेल्या हजारावर पानांच्या भयकथासंग्रहात मान्यवर इंग्रज-अमेरिकन लेखकांच्या पंक्तीत त्याच्या दोन कथांस स्थान मिळाले. मग १९६३ च्या डिसेंबरात एल. स्प्रेग डी कँप याने ‘स्वोर्ड्स अँड सॉर्सरी’ हा खिशात मावणारा संग्रह काढला. त्यात कथा अवघ्या आठ, आणि लेखकही आठ: अँडरसन, डन्सेनी, हॉवर्ड, कट्नर, लीबर, लव्हक्राफ्ट, मूर आणि स्मिथ. त्यापैकी काहींचा मृत्यू होऊन पाव शतक लोटले होते. ज्या तरुण वाचकाने एका बैठकीत हे आठ आवाज ऐकले, त्याला आपली आवड कोणत्या दिशेची आहे हे त्याच रात्री कळले असले पाहिजे. डन्सेनीचा मंद उपरोध ज्याला भावला त्याला हॉवर्डची रणधुमाळी कदाचित रुचणार नाही, आणि उलटही. एकाच विषयावरील आठ निराळ्या लेखण्या शेजारी ठेवल्याने जी तुलना आपोआप घडते, ती आठ स्वतंत्र ग्रंथ वर्षभर वाचूनही घडेलच असे नाही.

दक्षिण अमेरिकेत हाच प्रयोग अधिक उंचीवर झाला. १९४० साली ब्वेनोस आइरेस येथे बोर्हेस, बियॉय कासारेस व सिल्विना ओकाम्पो या तिघा स्नेह्यांनी मिळून स्पॅनिश भाषेत अद्भुत वाङ्मयाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात चीनचा तत्त्वज्ञ च्वांग्-त्झू आहे, प्रागचा काफ्का आहे, जपानचा आकुतागावा आहे, इंग्लंडचा डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स आपला ‘माकडाचा पंजा’ घेऊन आला आहे, आणि त्याच वर्षी मासिकात आलेली बोर्हेसची स्वतःची एका कल्पित जगावरील कथाही आहे. काळाची, देशाची, इतकेच काय पण कथा आणि दृष्टान्त यांच्यामधली भिंतही संपादकांनी मानली नाही. अशा मांडणीमुळे असे होते की, वाचक एका नामवंताचे बोट धरून आत शिरतो आणि बाहेर पडताना ज्यांची नावेही त्याने ऐकली नव्हती अशा चौघांशी स्नेह जोडून येतो. १९८८ साली या संग्रहाचे इंग्रजी रूपांतर निघाले तेव्हा त्याची प्रस्तावना अर्सुला ली ग्विन या लेखिकेने लिहिली. एका गोलार्धातला वानवळा दुसऱ्या गोलार्धात पोचावयास अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

मध्यंतरी उत्तर अमेरिकेत मोठा पालट झाला होता. टोल्किनचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९६५ साली स्वस्त कागदी बांधणीत निघाला आणि विद्यार्थिवर्गाने तो डोक्यावर घेतला. तो वाचून संपला, आता पुढे काय, असा प्रश्न लाखो वाचकांना पडला. याचे उत्तर म्हणून बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने १९६९ साली लिन कार्टर याच्या सल्ल्याने प्रौढांसाठी अद्भुतकथांची माला काढली. १९७४ पर्यंत तिची ६५ पुस्तके झाली. कार्टरने पहिल्याच वर्षी दोन संग्रह सिद्ध केले. एकात प्राचीन व मध्ययुगीन वीरकथांपासूनचे वेचे. दुसऱ्यात विल्यम मॉरिसपासून टोल्किनपर्यंतचे आधुनिक लेखक. मालेतील पुस्तकांना त्याने प्रस्तावना लिहिल्या. हा मनुष्य मोठा उत्साही; त्याच्या उत्साहाच्या भरात कोठे कोठे अतिशयोक्ती होई, आणि आपण संपादिलेल्या संग्रहात स्वतःची कथा घालण्याचा मोहही त्याला आवरत नसे. तथापि मॉरिसची शतकाच्या उंबरठ्यावरची दीर्घ अद्भुते, डन्सेनीची १९२४ ची ‘एल्फलंडच्या राजकन्ये’ची कादंबरी, अशी धूळ खात पडलेली पुस्तके पुन्हा दुकानांत आली ती या मालेमुळे, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. येथे संग्रह हा मालेचा दरवाजा होता: वेचा आवडला तर संपूर्ण ग्रंथ त्याच चिन्हाचा शिक्का घेऊन शेजारच्या फळीवर उभा असे.

या व्यवस्थेचे सर्वांत योजनाबद्ध रूप १९९८ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्गच्या ‘लेजंड्स’मध्ये दिसले. त्याने अकरा प्रसिद्ध लेखकांकडून प्रत्येकी एक नवी लघुकादंबरी लिहवून घेतली. अट ही की, ती त्या त्या लेखकाच्या आधीच प्रस्थापित अशा कल्पित जगात घडावी. प्रत्येकीआधी त्या जगाचा थोडक्यात परिचय. जॉर्ज मार्टिन याच्या मोठ्या कादंबरीमालेचा पहिला भाग १९९६ साली निघाला होता. या संग्रहासाठी त्याने त्या कथेच्या सुमारे नव्वद वर्षे आधीची, एका दरिद्री भटक्या सरदाराची आणि त्याच्या टक्कल केलेल्या पोरसवदा सेवकाची गोष्ट लिहिली. आठशे पानांच्या ग्रंथाला घाबरणाऱ्याने शंभराएक पानांत त्या राज्याची हवा घ्यावी, तेथील अन्याय व तेथील औदार्य पाहावे, आणि मग ठरवावे. त्याच संग्रहात ली ग्विनची ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कथा आहे. नवख्याला ती तिच्या द्वीपमय सृष्टीची ओळख करून देते. जुन्या वाचकाला मात्र ती १९९० सालच्या ‘तेहानू’ व २००१ सालच्या ‘द अदर विंड’ या दोन कादंबऱ्यांमधला पूल वाटते. एकच कथा एकाला उंबरठा आणि दुसऱ्याला माजघर!

येथवरचा इतिहास वाचून कोणास असे वाटेल की, शितावरून भाताची परीक्षा होते हे म्हणणे अद्भुतकथेलाही लागू पडते. आमचे मत तसे नाही. एका भांड्यातील सारी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. ग्रंथकाराचे तसे नसते. डन्सेनी हा जात्याच लघुकथाकार. १९०५ सालच्या ‘पेगानाच्या देवतां’पासून त्याची खरी शक्ती चार-सहा पानांतच प्रकटते, म्हणून त्याची एक कथा वाचणाऱ्याला पुष्कळसा डन्सेनी कळतो. हॉवर्डचेही तसेच. परंतु टोल्किनचे काय? त्याने प्रसिद्ध केलेल्या लघुकथा बोटांवर मोजण्याइतक्या. १९४५ साली एका त्रैमासिकात आलेली त्याची ‘लीफ बाय निगल’, एका चित्रकाराची व त्याच्या कधीच पूर्ण न होणाऱ्या झाडाच्या चित्राची कथा, फार सुंदर आहे. पण तीत ना वामनमूर्ती हॉबिट आहेत, ना ती अंगठी, ना ते महायुद्ध. तिच्यावरून लेखकाचे अंतःकरण कळेल. त्याची सृष्टी मुळीच कळणार नाही. एडिसनचा १९२२ सालचा ‘वर्म ऊरोबोरोस’ किंवा मॉरिसच्या दीर्घ कथा यांतून कापून काढलेले प्रकरण म्हणजे देवळाचा एक चिरा दाखवून शिखराची कल्पना देण्यासारखे आहे. आणि ली ग्विनच्या बाबतीत क्रम उलटाच आहे. १९६४ साली तिने ‘फँटास्टिक’ मासिकात दोन छोट्या कथा लिहिल्या, त्यात जादूगार, बेटे आणि खऱ्या नावांची शक्ती ही सर्व बीजे होती; त्यांचा वृक्ष ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली झाला. त्या दोन कथांवर जो थांबला असेल त्याने बी चाखून झाडाला नाव ठेवले असे होईल.

यावरून वाचकाने काय करावे? पहिली गोष्ट, संपादकाची प्रस्तावना वगळू नये. तो कोणत्या कालाचे, कोणत्या भाषेचे, कोणत्या पंथाचे लेखक घेतो आणि कोणते टाळतो, हे तीत नकळत उघड होते. कार्लाइलसारखा संपादक आपले मतभेद सांगून टाकतो; लँगसारखा लेखकांची तोंडे एका रंगाने रंगवितो; कार्टरसारखा प्रेमाने आंधळा होतो. त्या त्या मानाने त्याच्या शिफारशीस वजन द्यावे. दुसरी गोष्ट, वेचा हा मुळातच स्वयंपूर्ण कथा आहे की मोठ्या ग्रंथाचा तुकडा आहे, हे पाहावे. तुकडा न आवडल्यास दोष लेखकाच्या माथी मारू नये. तिसरी, एक कथा नापसंत पडली म्हणून ग्रंथकाराला कायमचा निरोप देऊ नये. त्याच लेखकाची दुसरी कथा दुसऱ्या संपादकाने निवडलेली असेल ती पाहावी, कारण दोन निराळ्या माणसांनी दोन निराळ्या बाजूंनी दाखविलेल्या मूर्तीचा घाट अधिक बरोबर समजतो. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: संग्रहातील जी कथा मनात घर करील तिच्या लेखकाचे नाव टिपून ठेवावे आणि त्याचा ग्रंथ मिळवून वाचावा. आपेलची कथा ऐकून तल्लीन झालेल्या मंडळींनी आपेलला विसरावे, असे वारंवार घडत आले आहे. संपादकाने ओळख करून दिल्यावर त्या घरी जाणे वा न जाणे हे वाचकाच्याच हाती असते.

आपल्या मराठी घरांतून अद्भुताची आवड काही कमी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी कथांचे भाषांतर करताना योजिलेले ‘सुरस व चमत्कारिक’ हे शब्द तर बोलण्यातले होऊन बसले आहेत. पण या अरबी गोष्टी सांगणाऱ्यांची नावे काळाने पुसून टाकली, आणि गुणाढ्याचे नाव तेवढे दंतकथेच्या आधाराने उरले. आमच्या मासिकांच्या जुन्या अंकांतूनही अद्भुतकथा विखुरलेल्या आहेत. ते अंक आज ग्रंथालयांच्या पोटमाळ्यांवर पडून आहेत, आणि कागदाला वाळवी विचारून लागत नाही. पैठणच्या त्या अमात्याने पाने जाळली तेव्हा ऐकावयाला निदान हरणे व पाखरे तरी होती, आणि उशिरा का होईना, एक राजा धावून आला. आमच्या जुन्या कथाकारांसाठी धावून येणारा हा राजा म्हणजे कोणी साक्षेपी संपादक, आणि त्याचा संग्रह विकत घेणारे दोन-चारशे वाचक, याखेरीज दुसरा कोणी असण्याचा संभव नाही. सहा लक्ष गेल्यावर एक लक्षाचे मोल कळते. पण ते सहा लक्ष जळण्याआधी कळावे, यातच शहाणपण आहे.